रॅम वाढवली, लॅपटॉप का कोलमडतो?

कर्जतच्या उन्हाळ्यात धूळ कुठंही शिरते, रॅमच्या स्लॉटमध्येसुद्धा. नवी रॅम टाकल्यावर निळा स्क्रीन येऊ लागला, तर आधी लॅपटॉप बंद करून स्टिकच्या सोनेरी पिना पुसाव्यात आणि ती पुन्हा 'टक्' आवाज होईपर्यंत बसवावी. बऱ्याच तक्रारी इथंच मिटाव्यात.

उरलेलं दुखणं जोडीचं. जुनी-नवी स्टिक म्हणजे बैलजोडी. संथ बैलाची चाल दोघांनाही धरावी लागते. ती चाल बायोस ठरवतं. ती एखाद्या स्टिकला झेपली नाही, की एखादा बिट 0 असून 1 वाचला जातो. हा बिट फोटोत असेल, तर एखादा ठिपका बिघडतो, कुणाला कळतही नाही. विंडोजच्या गाभ्यात असेल, तर सगळंच ठप्प! म्हणून क्रॅशला वेळकाळ नसतो.

एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून रॅम तपासणारं मेमटेस्ट86 रात्रभर चालवा. दोन्ही एकेकट्या पास, पण जोडीनं नापास झाल्या, तर दुसरा स्लॉटही तपासा. तोही ठीक निघाला, तर एकाच कंपनीची जुळी जोडी घ्या.