गुन्हेगारीशास्त्राचा लघुप्रबंध आणि मार्गदर्शकाची जबाबदारी

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या अखेरीस विद्यार्थ्याने एखादा मर्यादित प्रश्न निवडून, त्यासंबंधीची माहिती स्वतः मिळवून आणि तपासून जे संशोधनपर लेखन सिद्ध करावयाचे असते, त्याला विद्यापीठांच्या परिभाषेत लघुप्रबंध म्हणतात. त्यासाठी मदत करणे म्हणजे भाषा सुधारणे, प्रकरणांची मांडणी सुचवणे आणि मुदत चुकू न देणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गुन्हेगारीशास्त्राच्या बाबतीत ही समजूत फारच अपुरी ठरते. गुन्हा का घडतो, समाज कोणत्या कृत्याला गुन्हा ठरवतो आणि पोलीस, न्यायालये व कारागृहे त्याला कसे सामोरे जातात, याचा अभ्यास करणाऱ्या या शास्त्रात विद्यार्थ्याची सामग्री एक तर सरकारी दप्तरातून येते किंवा दुखावलेल्या, भ्यालेल्या, कोंडलेल्या माणसांकडून येते. पहिली चटकन दिशाभूल करते आणि दुसरी हाताळताना माणसांना इजा होऊ शकते. म्हणून या विषयातील मार्गदर्शकाचे सर्वांत महत्त्वाचे काम प्रबंधाचे पहिले वाक्य लिहिले जाण्यापूर्वीच करावे लागते, आणि ते राहून गेले तर पुढच्या कितीही चांगल्या लेखनाने भरून निघत नाही.

भारतात हा विषय नवा नाही. सागर विद्यापीठात १९५९ पासून गुन्हेगारीशास्त्र व न्यायसहायक विज्ञान शिकवले जाते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या शिक्षणाशी त्याची सांगड घातलेली आहे, आणि कोठडीतील व कारागृहातील व्यक्तींसाठी १९९० पासून काम करणारा ‘प्रयास’ हा त्या संस्थेचाच क्षेत्रकार्य प्रकल्प आहे. वर्गात सिद्धान्त शिकवायचे आणि त्याच वेळी विद्यार्थ्याला पोलीस ठाणे, न्यायालयाचा व्हरांडा व कारागृहाचे भेटीचे दालन दाखवायचे, ही पद्धत लघुप्रबंधाला फार उपकारक ठरते, कारण प्रश्न कसा विचारावा याची जाण पुस्तकाइतकीच त्या जागांमधून येते.

विद्यार्थी बहुधा फार मोठा विषय घेऊन येतो. ‘मुंबईतील चोऱ्यांची कारणे’ हा आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय झाला. काही महिन्यांच्या कामात तो मावणार नाही. अशा वेळी मार्गदर्शकाने विषय नाकारण्याऐवजी तो विद्यार्थ्याबरोबर बसून लहान करत न्यावा. उपनगरी रेल्वेवरील एखाद्याच लोहमार्ग पोलीस ठाण्यात एका वर्षात नोंदलेल्या मोबाइल चोऱ्या कोणत्या वेळी, कोणत्या फलाटावर आणि गाडी सुटताना की थांबताना झाल्या, असा प्रश्न घेतला की तो तपासता येतो आणि सिद्धान्ताशीही जुळतो. लॉरेन्स कोहेन व मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या दैनंदिन व्यवहार सिद्धान्तानुसार गुन्हा करण्यास प्रवृत्त व्यक्ती, सहज हाती लागण्याजोगे लक्ष्य आणि रक्षकाचा अभाव या तीन गोष्टी एका जागी व एका वेळी एकत्र आल्या की गुन्ह्याची शक्यता वाढते. गर्दीच्या वेळचा फलाट ही या सिद्धान्ताची उत्तम परीक्षा आहे, कारण तेथे माणसे हजारो असूनही रक्षक म्हणावा असा कोणी असतोच असे नाही. एरवी सदरलँड, हिर्शी आणि कोहेन या सिद्धान्तकारांची नावे प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात येतात आणि नंतर पुन्हा कधीच भेटत नाहीत. सिद्धान्त हा प्रश्न घडवणारा असावा, शोभेसाठी लावलेला नसावा, ही गोष्ट विद्यार्थ्याच्या मनावर पहिल्या महिन्यातच बिंबवावी लागते.

प्रश्न ठरल्यावर आकडेवारीची पाळी येते आणि येथे अनुभवी मार्गदर्शकाची खरी गरज भासते. एनसीआरबी या आद्याक्षरांनी परिचित असलेल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची स्थापना १९८६ मधील असली, तरी ‘क्राइम इन इंडिया’ या वार्षिक अहवालाची आकडेवारी १९५३ पासूनची उपलब्ध आहे. एवढी दीर्घ मालिका हाती आली की तिचा आलेख काढून ‘गुन्हे वाढले’ असा निष्कर्ष लिहून टाकण्याचा मोह होतो. परंतु ही आकडेवारी नोंदलेल्या गुन्ह्यांची आहे, घडलेल्या गुन्ह्यांची नव्हे, आणि या दोहोंमधील अंतराला गुन्हेगारीशास्त्रात अंधारातील संख्या म्हणतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १४ टक्के स्त्रियांनीच कोणाची तरी मदत मागितल्याचे आढळले, आणि या मदतीत माहेरची माणसे व शेजारीही धरलेले आहेत. मग पोलिसांच्या नोंदवहीपर्यंत पोचणारा हिस्सा किती लहान असेल, याची कल्पना करता येते.

नोंदीची पद्धत बदलली तरी आकडा बदलतो. २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले होते, तर २०१३ मध्ये ते ३३,७०७ झाले. परंतु त्याच वर्षी फौजदारी कायद्यातील दुरुस्तीने बलात्काराची व्याख्या विस्तारली होती आणि संमतीचे वय सोळावरून अठरावर नेले होते, शिवाय दिल्लीतील सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर तक्रार करण्याचे धैर्य आणि ती नोंदवण्याचा दबाव दोन्ही वाढले होते. ही तीन कारणे वेगळी न करता त्या वाढीवरून समाजाच्या अधोगतीबद्दल लिहिणारा प्रबंध वृत्तपत्राच्या मथळ्यापलीकडे जात नाही. एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले असतील तर अहवालात फक्त सर्वांत गंभीर गुन्हा मोजला जातो, हा प्रमुख गुन्ह्याचा नियमही पुष्कळांना ठाऊक नसतो. बलात्कार करून खून झाला तर ती घटना खुनात धरली जाते आणि बलात्काराच्या रकान्यात दिसत नाही.

आजच्या विद्यार्थ्यापुढे यात आणखी एक अडचण आहे. १ जुलै २०२४ पासून १८६० च्या भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले आणि फसवणुकीचे ४२० होते ते ३१८ झाले. कलमांचे क्रमांक जुळवून घेणे हे कष्टाचे असले तरी यांत्रिक काम आहे. खरा पेच आशयातील बदलांचा आहे. नव्या व्यवस्थेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या मालाची चोरी अदखलपात्र ठरवली आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. वर उल्लेखिलेल्या फलाटावरील मोबाइल चोऱ्यांचा अभ्यास करणाऱ्याला याचा थेट फटका बसतो, कारण जुन्या स्वस्त फोनची चोरी नोंदवहीतल्या एका रकान्यातून उठून दुसऱ्यात जाते आणि चोऱ्या कमी झाल्याचा आभास निर्माण होतो. त्यातच चोरीला गेलेली वस्तू गहाळ म्हणून नोंदली गेली असेल तर ती गुन्ह्यांच्या मोजणीत येतच नाही. असा प्रबंध गहाळ वस्तूंच्या नोंदी तपासल्याशिवाय पुरा झाला, असे मानता येणार नाही.

आकड्यांखेरीज कागदपत्रांचा एक मोठा साठा विद्यार्थ्यांकडून दुर्लक्षित राहतो. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशांनुसार संवेदनशील प्रकरणे वगळता प्रथम माहिती अहवाल पोलिसांच्या संकेतस्थळावर ठेवले जातात, जिल्हा न्यायालयांची निकालपत्रे ई-कोर्ट्स या व्यवस्थेत वाचता येतात, आणि २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज केल्यास सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर मिळणे अपेक्षित असते. महाराष्ट्रात फिर्याद, जबाब व पंचनामा हे कागद मराठीत लिहिले जात असल्यामुळे मराठी विद्यार्थ्याला त्यांतील साचेबंद वाक्यरचना, पंचांच्या ठरावीक सह्या आणि मधूनच डोकावणारा फिर्यादीचा स्वतःचा आवाज हे सारे ओळखता येते, आणि हा त्याचा मोठा लाभ आहे. २०१४ मध्ये पत्रकार रुक्मिणी एस. यांनी दिल्लीच्या जिल्हा न्यायालयांची बलात्काराच्या खटल्यांतील निकालपत्रे एकेक वाचून दाखवून दिले की, त्यांतील बरीच प्रकरणे स्वेच्छेने पळून गेलेल्या जोडप्यांविरुद्ध पालकांनी दाखल केलेली होती. राष्ट्रीय अहवालातील कोणताही तक्ता ही गोष्ट सांगू शकला नसता. पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातली आणि तरीही ज्ञानात भर घालणारी अशी ही पद्धत आहे.

दप्तर वाचताना ते कोणी आणि कोणाबद्दल लिहिले, हेही विचारावे लागते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. तो कायदा ऑगस्ट १९५२ मध्ये रद्द झाला, तरी अशा समाजांपैकी पारधी समाजाकडे संशयाने पाहण्याची सवय गेलेली नाही. एखाद्या ठाण्याच्या नोंदीत पारधी संशयितांची संख्या जास्त दिसली तर ती त्या समाजाच्या वर्तनाची मोजणी आहे की पोलीस प्रथम कोणाच्या वस्तीत जातात याची, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारला नाही तर मार्गदर्शकाने विचारलाच पाहिजे, कारण तसे न झाल्यास विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी तोच जुना कलंक पुन्हा छापला जातो.

माणसांच्या मुलाखती घ्यावयाच्या असतील तर जबाबदारी आणखी वाढते. महाराष्ट्रातील कारागृहात प्रवेशासाठी कारागृह व सुधारसेवा विभागाच्या पुण्यातील मुख्यालयाची लेखी परवानगी लागते आणि ती वेळेत मिळेल याची शाश्वती नसते. म्हणून आराखडा मंजूर करतानाच परवानगी न मिळाल्यास सुटून आलेल्या व्यक्ती, वकील किंवा कुटुंबीय यांच्यामार्फत तोच प्रश्न कसा अभ्यासता येईल, हे ठरवून ठेवणे शहाणपणाचे असते. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत असलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते, म्हणजे त्यांचे खटले संपलेले नव्हते. अशा व्यक्तीला तिच्यावरील आरोपाविषयी विचारणे म्हणजे तिच्या बचावाला धोका निर्माण करणे होय. जामीन का मिळाला नाही, वकील शेवटचा कधी भेटला, घरी कोण कमावते, हे विचारावे; गुन्हा केला का, हे विचारू नये.

याच ठिकाणी गोपनीयतेच्या वचनाचा प्रश्न उभा राहतो. विद्यार्थी संमतिपत्रावर ‘आपली माहिती पूर्णपणे गुप्त ठेवली जाईल’ असे लिहून मोकळा होतो, परंतु भारतीय कायद्यात वकील व अशील यांच्यातील संवादाला जे संरक्षण आहे ते संशोधकाला नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ असा गुन्हा घडल्याचे समजलेल्या कोणाही व्यक्तीवर तो पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते आणि ते न पाळणे हा गुन्हा आहे. खून, दरोडा अशा काही गंभीर गुन्ह्यांबाबत फौजदारी प्रक्रियेच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३ तसेच कर्तव्य सांगते. म्हणून जेवढे पाळता येईल तेवढेच वचन द्यावे आणि त्याची मर्यादा मुलाखतीआधी समोरच्याला त्याच्या भाषेत समजावून सांगावी.

कॅनडातील रसेल ऑग्डेन या विद्यार्थ्याचे उदाहरण या संदर्भात प्रत्येक विभागाने अभ्यासावे असे आहे. व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात गुन्हेगारीशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीसाठी त्याने एड्सग्रस्तांच्या साहाय्यित मृत्यूंवर संशोधन केले. असे साहाय्य करणे तेव्हा तेथे गुन्हा असल्यामुळे मुलाखत देणाऱ्यांना त्याने पूर्ण गोपनीयतेचे वचन दिले होते, आणि विद्यापीठाच्या नीतिसमितीने या वचनासह संशोधनाला मान्यता दिली होती. १९९४ मध्ये मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कॉरोनर या अधिकाऱ्याने त्याला साक्षीसाठी बोलावले. त्याने नावे सांगण्यास नकार दिला आणि अखेर कॉरोनरने त्याची गोपनीयतेची बाजू मान्य केली. मात्र या लढाईत विद्यापीठ त्याच्यामागे ठामपणे उभे राहिले नाही. खर्चासाठी त्याने केलेला दावा १९९८ मध्ये फेटाळला गेला, तरी न्यायाधीशांनी विद्यापीठाच्या वागणुकीवर कडक टीका केली, आणि त्यानंतर विद्यापीठाने त्याची क्षमा मागून कायदेशीर खर्च दिला. विद्यार्थ्याच्या वचनाला संस्थेने संमती दिली की ते वचन संस्थेचेही होते, हा त्या प्रकरणातला निर्विवाद भाग आहे. आपल्याकडे अनेक पदव्युत्तर विभागांत विद्यार्थ्यांच्या प्रबंधाचे आराखडे नीतिसमितीपुढे जातच नाहीत, ही त्या दृष्टीने अत्यंत गंभीर उणीव आहे.

विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मनाचा विचार त्याहूनही कमी होतो. बालकांवरील अत्याचारांची शंभर निकालपत्रे वाचणाऱ्या किंवा खून झालेल्यांच्या कुटुंबीयांशी बोलणाऱ्या तरुण संशोधकाची झोप उडणे, चिडचिड वाढणे किंवा काहीच न वाटेनासे होणे ही दुसऱ्याच्या यातनेच्या सततच्या सहवासाने होणारी परिचित इजा आहे, आणि काही विद्यार्थी तर स्वतः सोसलेल्या अनुभवामुळेच तो विषय निवडतात. असा विषय त्यांना नाकारणे अन्यायाचे होईल; परंतु कामाचे टप्पे पाडणे, क्षेत्रकार्याच्या रोजनिशीवर नियमितपणे बोलणे आणि समुपदेशकाची सोय आधीपासून असणे, हे मार्गदर्शनाचाच भाग मानले पाहिजे.

प्रत्यक्ष लेखनाबद्दल त्या मानाने थोडेच सांगण्यासारखे आहे. प्रकरणे शेवटी एकदम मागण्यापेक्षा माहिती जमा होत असतानाच पद्धतीचे प्रकरण लिहून घ्यावे, कारण नमुना कसा निवडला, कोणी बोलण्यास नकार दिला, हे तपशील नंतर आठवत नाहीत. वाङ्मयचौर्याबाबत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडमुक्त मानले आहे, आणि त्या मोजणीतून कायद्याची वचने व स्रोत सांगून दिलेली अवतरणे वगळली आहेत. हे माहीत नसल्याने पुष्कळ विद्यार्थी कलमांचे शब्द बदलून लिहितात आणि कायद्याचा अर्थच बिघडवतात.

तोंडी परीक्षेत परीक्षक बहुधा निष्कर्षापेक्षा मर्यादांवर प्रश्न विचारतो : नोंद न झालेल्या चोऱ्यांचे काय, परवानगी फक्त एकाच कारागृहाची का मिळाली, मुलाखत देणाऱ्याची ओळख गावाच्या नावावरून उघड होत नाही का. ही शेवटची शंका प्रबंध ग्रंथालयात जाण्यापूर्वीच दूर करावी लागते. छोट्या तालुक्यातील एकमेव खून खटल्याचा उल्लेख वर्ष व जातीसह केला तर नाव बदलूनही व्यक्ती ओळखू येते, म्हणून असे तपशील ढोबळ करणे, ध्वनिमुद्रणे ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट करणे आणि आवश्यक तेथे प्रबंधाचा काही भाग ठरावीक काळ वाचकांसाठी बंद ठेवण्याची विनंती करणे, ही कामे पदवी मिळाल्यानंतरही मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली पूर्ण व्हावी लागतात.