किल्ली कोणाजवळ? मोबाइल संभाषणाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

लखनौच्या मानक नगरात भारतीय रेल्वेची अनुसंधान, अभिकल्प आणि मानक संघटना आहे. १९५७ साली स्थापन झालेल्या आणि रेल्वेच्या जगात ‘आरडीएसओ’ या आद्याक्षरांनीच ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत रूळ, ब्रेक, सिग्नल आणि बिनतारी संदेश यांविषयीचे तपशील लेखी ठरवले जातात. अशा दप्तरात जो तपशील नोंदवला जातो तोच पुढे यंत्रात उतरतो, आणि जो वगळला जातो तो यंत्राच्या अंगी आपोआप कधीच येत नाही. मोबाइलवरील संभाषणाची गोपनीयताही अशाच लेखी मानकांवर अवलंबून असते. परंतु ती मानके कोणत्या हद्दीपर्यंत संरक्षण देतात हे ठाऊक नसल्यामुळे सुशिक्षित समाजातही काही समजुती घट्ट रुजल्या आहेत.

गैरसमज १ : संभाषण डिजिटल झाले, म्हणजे ते तिसऱ्याला ऐकता येत नाही.

वस्तुस्थिती : आवाजाचे अंकांत रूपांतर होणे आणि ते अंक गुप्त किल्लीने कूटबद्ध होणे, या दोन सर्वस्वी भिन्न क्रिया आहेत. जीएसएम या दुसऱ्या पिढीच्या मोबाइल पद्धतीत कूटलेखनाची, म्हणजे एन्क्रिप्शनची, तजवीज आरंभापासून होती. पण त्याच मानकात ‘ए५/०’ या नावाने कूटलेखन मुळीच न करण्याचीही मुभा होती, आणि ‘ए५/२’ हा प्रकार तर मुद्दाम दुर्बल ठेवलेला होता. ‘ए५/१’ हा त्यांतल्या त्यात बळकट प्रकार. त्याची किल्ली ६४ बिटांची असली, तरी प्रत्यक्ष वापरात तिचे १० बिट दीर्घकाळ शून्यच ठेवले जात होते. कार्स्टन नोल या जर्मन संशोधकाने डिसेंबर २००९ मध्ये बर्लिनच्या परिषदेत, पूर्वगणित कोष्टकांच्या साहाय्याने हे कूट सामान्य संगणकावरही उकलता येते, असे जाहीरपणे मांडले. तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतील कूटलेखन याहून पुष्कळच भक्कम आहे. म्हणून आपला फोन कोणत्या पिढीच्या जाळ्यावर बोलतो आहे, हा प्रश्न गौण नाही.

गैरसमज २ : कूटलेखन आहे, म्हणजे ते बोलणाऱ्याच्या मुखापासून ऐकणाऱ्याच्या कानापर्यंत आहे.

वस्तुस्थिती : नेहमीच्या मोबाइल कॉलमध्ये मानकाने हमी दिलेले कूटलेखन मुख्यतः हवेतील टप्प्यापुरते, म्हणजे हातातील संच आणि कंपनीचे जाळे यांच्यामधल्या मार्गापुरते असते. कंपनीच्या यंत्रणेत शिरताच संभाषण उकलले जाते आणि दुसऱ्या टोकाच्या हवाई टप्प्यासाठी पुन्हा नव्या किल्लीने बंद होते. मधल्या प्रवासात किल्ली कंपनीजवळ असते. भारतातील दूरसंचार परवान्यांत तर जाळ्यामध्ये सरसकट कूटलेखनाची यंत्रे बसवण्यास मनाई करणारी अट आहे, कारण कायदेशीर हुकूम आल्यास संभाषण उपलब्ध करून देण्याची जबाबदारी कंपनीवर असते. याउलट, एप्रिल २०१६ मध्ये व्हॉट्सअॅपने सर्व संदेशांना आणि कॉल्सना लागू केलेल्या टोकापासून टोकापर्यंतच्या कूटलेखनात किल्ली केवळ दोन संचांतच राहते. तरीही कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ फोन केला, ही माहिती आशयाहून निराळी असते. साध्या कॉलच्या बाबतीत ती नोंद किमान दोन वर्षे जतन करणे भारतीय कंपन्यांवर बंधनकारक आहे, आणि केवळ तेवढ्या नोंदीवरूनही माणसाच्या व्यवहाराचा पुष्कळ अंदाज बांधता येतो.

गैरसमज ३ : आपला फोन नेहमी खऱ्या मनोऱ्याशीच बोलतो.

वस्तुस्थिती : जीएसएमच्या रचनेत ग्राहकाने आपली ओळख जाळ्याला पटवून द्यायची होती, जाळ्याने आपली ओळख ग्राहकाला पटवून देण्याची अट मात्र नव्हती. या एकतर्फी विश्वासाचा फायदा घेऊन खोटा मनोरा उभारता येतो, आणि तो आपल्या सिमची ओळख विचारून घेतो किंवा कूटलेखन बंद करण्याची आज्ञा देतो. तिसऱ्या पिढीपासून परस्पर ओळख पटवण्याची पद्धत आली; पण संच दुसऱ्या पिढीवर उतरू शकत असेल, तर ती जुनी उणीवही त्याच्यासोबत येते. अँड्रॉइडच्या बाराव्या आवृत्तीपासून अनेक संचांत टूजी बंद ठेवण्याची सोय आहे. ज्या ठिकाणी फोरजी निर्वेधपणे मिळते, तेथे ती वापरणे शहाणपणाचे आहे.

गैरसमज ४ : संरक्षण म्हणजे केवळ गुप्तता.

वस्तुस्थिती : येथे रेल्वेचे उदाहरण विशेष बोधप्रद ठरते. ‘गाडी थांबवा’ हा संदेश कोणी ऐकला तर फारसे बिघडत नाही. पण तो संदेश भलत्यानेच दिला तर अनर्थ ओढवू शकतो. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडच्या वायव्य भागात सुमारे वीस गाड्या एकाएकी उभ्या राहिल्या, कारण तेथील जुन्या अॅनालॉग बिनतारी पद्धतीत थांबण्याचा संकेत ठरावीक स्वरांनी दिला जाई, आणि तो कोण देतो आहे हे पडताळण्याचे साधनच नव्हते. युरोपातील रेल्वेने डिजिटल पद्धती स्वीकारताना जीएसएमवर आधारलेल्या जाळ्याच्या कूटलेखनावर विसंबून न राहता, गाडीला जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर स्वतंत्र किल्लीने सत्यतेची मोहोर उमटवण्याची व्यवस्था केली. आरडीएसओने सिद्ध केलेल्या आणि २०२० साली राष्ट्रीय स्वयंचलित गाडी-संरक्षण प्रणाली म्हणून स्वीकारल्या गेलेल्या ‘कवच’मध्येही, इंजिन आणि स्थानक यांच्यातील बिनतारी संदेशांसाठी किल्ल्यांच्या व्यवस्थापनाची स्वतंत्र तजवीज आहे. नागरिकाला मुख्यतः गुप्तता हवी, रेल्वेला मुख्यतः सत्यता. आणि ज्या मानकात या दोन्ही गरजा वेगवेगळ्या ओळखून नमूद केल्या जातात, तेच मानक विश्वासास पात्र होय.

गैरसमज ५ : सरकारला वाटेल तेव्हा, वाटेल त्याचे संभाषण ऐकण्याचा अखत्यार आहे.

वस्तुस्थिती : तांत्रिक शक्यता आणि कायदेशीर अधिकार यांत महदंतर आहे. १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यानेही सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही पूर्वअट घातली होती. १९९६ साली पीयूसीएल या नागरी स्वातंत्र्यवादी संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिकाराभोवती कार्यपद्धतीची कुंपणे घातली, आणि २०१७ साली पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातील दूरध्वनी ऐकण्याचे हुकूम ही पूर्वअट पुरी होत नाही म्हणून रद्द केले आणि त्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती नष्ट करण्यास सांगितले. संभाषण ऐकण्याविषयीच्या डिसेंबर २०२४ च्या नियमांतही हुकूम सामान्यतः केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवानेच द्यावयाचा असतो; त्याची मुदत एका वेळी ६० दिवस आणि एकंदर १८० दिवसांहून अधिक असू शकत नाही, आणि त्याची छाननी पुनर्विलोकन समितीपुढे होते.

गैरसमज ६ : फोनमध्ये खरखर ऐकू आली, म्हणजे कोणी तरी ऐकत आहे.

वस्तुस्थिती : कंपनीच्या यंत्रणेत घेतली जाणारी प्रत आवाजात काहीच फरक करीत नाही, खरखर बहुधा दुर्बल संकेताची असते. त्याचप्रमाणे ‘*#२१#’ दाबल्याने हेरगिरी उघड होत नाही, तर कॉल अन्यत्र वळवला आहे की नाही एवढेच कळते. खरा धोका अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून ‘*४०१#’ दाबून स्वतःच कॉल वळवण्यात होता. म्हणूनच दूरसंचार विभागाने अशा संकेतांनी कॉल वळवण्याची सोय १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित केली.

तात्पर्य, ‘हे सुरक्षित आहे काय?’ हा प्रश्न अपुरा आहे. संरक्षण कोठून कोठपर्यंत आहे, किल्ली कोणाजवळ आहे आणि ती कोणाच्या हुकमाने उघडते, हे तीन प्रश्न प्रत्येक नागरिकाने विचारले पाहिजेत, आणि त्यांची उत्तरे मानकांच्या व परवान्यांच्या भाषेत दडून न राहता सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत मिळावीत, असा आग्रहही धरला पाहिजे. ज्या नियमांवर आपल्या खासगी बोलण्याची इभ्रत अवलंबून आहे, ते माहीत असणे हा तज्ज्ञांचा विशेषाधिकार नसून सर्वांचा हक्क आहे.