घरी बनवलेलं गिटार पेडल प्रवासात का बिघडतं? आतले पार्ट पक्के करण्याची योग्य पद्धत जाणून घ्या

मानपूर (इंदूर) : इंदूरहून धुळ्याकडे निघालेली गाडी महू मागे टाकून मानपूरला आली, की माळव्याचं पठार संपतं आणि घाटाची उतरण लागते. पुढे गुजरी, धामनोद, खलघाटचा नर्मदेवरचा पूल, सेंधव्याजवळचा बिजासन घाट आणि मग शिरपूर. कार्यक्रमासाठी या रस्त्याने जाणारा वादक गिटार जपून केसमध्ये ठेवतो. घरी बनवलेलं पेडल मात्र वायरींच्या पिशवीत टाकतो. निघताना व्यवस्थित वाजणारं पेडल मग स्टेजवर खरखरतं, नाहीतर आवाजच बंद होतो. समोर पब्लिक बसलेलं असताना डबा उघडून शोधाशोध करायला वेळ नसतो.

असं झालं की बरेच जण पुढच्या वेळी ग्लू गन घेतात आणि आतलं सगळं चिकटवून टाकतात. इथेच चूक होते.

नेमकं तुटतं काय?

पेडलचा डबा तळहाताएवढा. नेहमी वापरला जाणारा १५९०बी मापाचा ॲल्युमिनियमचा डबा साधारण ११२ बाय ६० मिलिमीटरचा असतो. त्यात सर्किट, दोन जॅक, कंट्रोल, फूट स्विच आणि कधी ९ व्होल्टची बॅटरीही बसवायची असते.

पाव वॅटचा रजिस्टन्स किंवा छोटा सिरॅमिक कंडेन्सर वजनाने इतका हलका असतो, की बोर्डाला टेकवून नीट सोल्डर केला तर धक्क्याने सहसा निघत नाही. त्रास देतात ते जड आणि उंच पार्ट, सैल जॅक आणि लोंबत्या वायरी. सोल्डर वीज वाहून नेण्यासाठी असतं, वजन पेलण्यासाठी नव्हे.

आधी नट, मग सोल्डर

सुरुवात जॅकपासून करा. नट सैल झाला की पिन घालता-काढता जॅक फिरतो, आतली वायर पिळली जाते आणि एक दिवस तुटते. जॅक, कंट्रोल आणि फूट स्विच यांना दातेरी वॉशर घालून नट घट्ट करा, पण आटे जातील इतका जोर लावू नका.

वायर मल्टी-स्ट्रँड घ्या. एकतारी वायर वारंवार वाकली की मोडते. मल्टी-स्ट्रँडमध्येही सोल्डर जिथवर शिरतं तिथवर तार कडक होते आणि त्याच कडेला तुटते. म्हणून त्या जागी उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवा आणि वायर थोडी सैल ठेवा.

नंतर सोल्डर तपासा. राखाडी, गोळ्यासारखा उभा राहिलेला किंवा पायाभोवती बारीक गोल भेग असलेला जोड म्हणजे ड्राय सोल्डर. तो पुन्हा तापवून थोडं नवं सोल्डर द्या. अशा जोडावर ग्लू ओतला तर दोष झाकला जातो, जात नाही. उलट नंतर सापडणं अवघड होतं.

उभा रजिस्टन्स वाकून शेजारच्या पार्टला टेकत असेल तर त्याच्या उघड्या पायावर स्लीव्ह घाला. मोठा कंडेन्सर जागा असेल तर आडवा झोपवा. बोर्ड कंट्रोलच्या पाठीवर बसवायचा असेल तर जाड फोम टेप वापरा. पातळ टेपमधून सोल्डरची टोकं आरपार जाऊन धातूला लागतात आणि शॉर्ट होतो.

कोणता ग्लू कुठे?

• ग्लू गन : मोठ्या कंडेन्सरच्या पायथ्याशी एक थेंब पुरे. गुळगुळीत धातूवर ही पकड धरत नाही आणि खानदेशच्या उन्हाळ्यात बंद गाडीत मऊ पडू शकते. काढायची असल्यास आयसोप्रोपिल अल्कोहोलने सुटते.

• सिलिकॉन : लवचिक असल्याने धक्क्यांसाठी चांगलं. मात्र व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं घेऊ नका. त्यातल्या आम्लाने तांबं गंजतं. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा.

• फेविक्विक : टाळा. ते पातळ असल्याने कंट्रोलमध्ये आणि स्विचमध्ये शिरतं आणि संपर्क जाम करतं. शिवाय सुकल्यावर ठिसूळ होतं.

• एम-सील किंवा इपॉक्सी : एकदा भरलं की दुरुस्तीची वाट बंद. १९९४ साली बाजारात आलेल्या 'क्लॉन सेंटॉर' या प्रसिद्ध पेडलमध्ये सर्किटवर इपॉक्सी ओतलेली असे, पण ती नक्कल टाळण्यासाठी. घरच्या पेडलला त्याची गरज नाही.

ग्लू कोणताही असो, मोठ्या कंडेन्सरच्या डोक्यावर लावू नका. आत दाब वाढला तर तो बाहेर पडण्याची जागा तीच असते.

काडीने टोकून बघा

शेवटी पेडल चालू ठेवा, ॲम्पचा आवाज कमी करा आणि कोरड्या लाकडी काडीने एकेक पार्ट हलकेच टोका. जिथे टोकल्यावर आवाज तुटतो किंवा मोठा कडकडाट होतो, तिथे जोड कच्चा आहे. वायरीही थोड्या हलवून बघा. सगळं नीट वाजलं तरच ग्लूचा थेंब द्या आणि झाकण लावण्याआधी आत एक पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, म्हणजे बोर्ड झाकणाला लागणार नाही.

घाटातले धक्के कुणाला चुकत नाहीत. पण ही तपासणी घरीच केली, तर स्टेजवर पेडल उघडायची वेळ सहसा येत नाही.