गांधील कोण, कुंभारीण कोण

उन्हाळा तापला की आंबिवली-मोहने भागातल्या बैठ्या घरांच्या परसात माश्यांची ये-जा वाढते. धुण्याच्या दगडाशी, ठिबकणाऱ्या नळाशी, टाकीच्या ओल्या कडेला त्या उतरतात आणि क्षणात उडून जातात. घरात लहान मूल असेल तर पहिला विचार एकच येतो : पोळे शोधा आणि जाळा. बांबूला चिंधी, चिंधीवर रॉकेल आणि तो पलिता वळचणीखाली, ही पद्धत अजून पुरती गेलेली नाही. रॉकेल मिळेनासे झाले तिथे झुरळांच्या औषधाचा डबा आला, एवढेच. माझा आग्रह असा, की हात उचलण्यापूर्वी समोर कोण आहे ते ओळखावे. ‘गांधीलमाशी’ या एका नावाखाली आपण निदान तीन निराळ्या माश्या ढकलतो, आणि तिघींशी वागण्याची रीत निराळी आहे.

पहिली कुंभारीण. ही एकटी राहते. मोरीच्या कडेची ओली माती तोंडाने उचलून दाराच्या चौकटीमागे, तसबिरीमागे किंवा नुसत्या भिंतीवर मातीची घरे लिंपते. हिच्यातही दोन जाती सर्रास दिसतात : एक लहानसा गोल गडू घडवते आणि त्यात अळ्या भरते, दुसरी मातीच्या नळ्या रचते आणि त्यांत कोळी कोंबते. सावज ती मारत नाही. नांगीने लुळे करते, म्हणजे ते कुजत नाही. त्यावर अंडे घालून तोंड बंद करते. आतल्या पिल्लाला ताजी शिदोरी मिळते आणि काही आठवड्यांनी माती फोडून नवी कुंभारीण बाहेर पडते.

आत गेली अळी, बाहेर आली माशी! पाहणाऱ्याने यातून काय अर्थ काढला, हे मराठी वाचकाला सांगायला नकोच. भीतीने भृंगीचे अखंड ध्यान करता करता कीटक स्वतःच भृंगी होतो, हा दृष्टांत आपल्याकडे शतकानुशतके चालत आला. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये शेवटची हीच माशी आहे. त्या स्कंधावरची नाथांची टीका शके 1495 मध्ये काशीला पूर्ण झाली आणि दृष्टांत मराठीत घरोघर पोहोचला. अर्थ कल्पित, पण निरीक्षण मात्र खरे. कोणीतरी भिंतीपाशी बसून ते घर बांधले जाताना पाहिले होते आणि फुटतानाही. मधला भाग उलगडायचा तर माती फोडून आत पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये झां-आंरी फाब्र या शिक्षकाने शिकारी माश्यांची घरे उघडून नेमके तेच केले.

या कुंभारणीला राखण करायला कुटुंबकबिला नसतो. हातात दाबली तरच ती डसते. तिच्या घराला हात लावण्याचे कारण नाही. भिंत रंगवायचीच असेल तर भोके पडलेली, रिकामी घरे खुशाल खरवडावीत.

दुसरी कागदाचे पोळे करणारी, तांबूस तपकिरी, बारीक कमरेची. पत्र्याखाली किंवा खिडकीच्या छज्जाला एका दांड्यावर टांगलेले, उघड्या खणांचे राखाडी पोळे असते ते हिचे. वाळक्या लाकडाचे, देठांचे तंतू खरवडून, लाळेत मळून ती कागद बनवते. रेओमूर या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1719 साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे हे मांडून सुचवले, की माणसालाही चिंध्यांऐवजी लाकडापासून कागद करता येईल. प्रत्यक्षात यायला त्यानंतर शतकाहून अधिक काळ गेला. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉन काढणारा मोहन्याचा एनआरसी कारखाना 2009 साली बंद पडला. लगद्याचा हा दुसरा, फार जुना उद्योग चालूच आहे.

आपल्याकडच्या या माश्यांतल्या ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या जातीवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी काही दशके काम केले. पोळ्यातली राणी दिसायला इतरांसारखीच असते, आणि स्वभावाने मवाळ. तिला उचलून बाजूला केले, की एक कामकरी माशी एकदम आक्रमक होते, आणि राणी परतली नाही तर तीच राणी बनते. आपल्या कामाची गोष्ट त्यांच्या दुसऱ्या निष्कर्षात आहे : ही वसाहत ऋतूंना बांधलेली नसते, वर्षात केव्हाही सुरू होते आणि पुढेही चालू राहते. ‘थंडी पडेपर्यंत थांबा, पोळे आपोआप मरेल’ हा विलायती सल्ला त्या थंड मुलखात ठीक आहे. आंबिवलीत तो कामाचा नाही.

नळाशी येणाऱ्या बहुतेक याच. तापलेल्या पोळ्यावर पाण्याचे थेंब ठेवून, पंखांनी वारा घालून त्या खण थंड करतात. तेव्हा नळाचा वायसर बदलणे हा पहिला उपाय. भाजीवरच्या अळ्या चावून त्या पिल्लांना भरवतात, म्हणून उंचावरचे, वाटेबाहेरचे पोळे असू द्यावे. दारावर, झोपाळ्याशी, मुलांच्या डोक्याच्या उंचीवर असेल तर खण चार-पाच असतानाच, अंधार पडल्यावर, लांब काठीने पाडावे. माशी तिथेच पुन्हा बांधू लागते. दोनतीनदा चिकाटी लागते.

तिसरी मोठी, काळी, पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेली. एक जात झाडावर बंद आवरणाचे, घागरीएवढे पोळे करते, दुसरी ढोलीत किंवा जमिनीतल्या पोकळीत. ही दुसरी लहान गांधिलीच्या पोळ्यांवर छापा घालून पिल्ले खाते. हिच्या बाबतीत घरगुती शौर्य नको. एक चवताळली की विषाच्या वासाने बाकीच्याही येतात, आणि शेकडो डंखांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मुलांना लांब ठेवावे आणि हे काम सरावाच्या माणसावर सोपवावे. पलिता तर कुठल्याच पोळ्याला नको : कागद पेटतो, मागोमाग वासे.

गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी कातडीत अडकत नाही, म्हणून एकच माशी पुनःपुन्हा डसते. आधी तिथून दूर व्हावे. हाताला डसली तर अंगठी-बांगड्या लगेच काढाव्यात, जागा धुऊन बर्फ लावावा. चुना, कांदा, लोखंड घासणे यांतले काही कातडीखालच्या विषापर्यंत पोहोचत नाही. हे उपाय निरुपद्रवी वाटतात, पण त्यात वेळ जातो, आणि काही माणसांना तेवढा वेळ नसतो. डंख पायाला आणि गांधी अंगभर, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, भोवळ, यांतले काहीही दिसले तर एका डंखानेही जीव जाऊ शकतो. तिथे मांडीत ॲड्रिनलिनचे इंजेक्शन लागते. सुजेची गोळी देऊन वाट पाहू नये. माणसाला आडवे ठेवावे, धाप असेल तर टेकून बसवावे, चालवत नेऊ नये, आणि रिक्षात बसवतानाच रुग्णालयाला फोन करून इंजेक्शन तयार ठेवायला सांगावे. असे एकदा झालेल्या माणसाने डॉक्टरांना विचारून ते इंजेक्शन घरी ठेवावे, आणि परसातले पोळे काढायला दुसऱ्या कोणाला तरी पाठवावे.