पंक्चरचं सोल्युशन आणि ड्रायसूट

विरारच्या फुलपाड्यातल्या पापडखिंड धरणाच्या पाण्यात उतरायला कुणालाही ड्रायसूट लागणार नाही. जीवदानीच्या डोंगराला टेकून असलेल्या या भागात मे महिन्यात घराबाहेर पडायचीच पंचाईत. तिथे गळ्यापासून पायापर्यंत बंद, हवा कोंडणारा पोशाख चढवणं म्हणजे उष्माघाताला बोलावणं. मालवण-तारकर्लीच्या समुद्रातही पातळ वेटसूटवर भागतं. पण ड्रायसूटचा एक सख्खा भाऊ वसई-विरारमधून जहाजावर नोकरीला जाणाऱ्यांच्या चांगलाच ओळखीचा असतो. तो म्हणजे इमर्शन सूट. सोलास या आंतरराष्ट्रीय करारानुसार २००६ पासून मालवाहू जहाजावरच्या प्रत्येक माणसामागे असा एक सूट ठेवावा लागतो. कायम उष्ण पाण्यात फिरणाऱ्या काही जहाजांना यात सवलत मिळू शकते. दोन्ही पोशाखांचं काम एकच, पाणी अंगाला लागू न देणं. दोन्हींची दुखणीही सारखीच: फाटलेलं सील, अडकलेली चेन, न दिसणारं छिद्र. आणि दोन्हींबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. एक म्हणतं, असल्या महागड्या वस्तूला घरी हात लावायचाच नाही. दुसरं म्हणतं, त्यात काय, सायकलच्या ट्यूबसारखं पॅच मारायचं.

पहिलं मत तर इतिहासालाच धरून नाही. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये रबर लावलेल्या जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. ऑगस्टस सीबे यांनी १८३७ च्या सुमारास लंडनमध्ये तांब्याच्या शिरस्त्राणाला जोडलेला बंद पाणबुडी-पोशाख तयार केला. तो जाड ट्विलच्या दोन थरांमध्ये रबर घालून बनवलेला असे, आणि तो फाटला की कामावरची माणसंच त्याला रबराचं द्रावण लावून ठिगळ मारत. म्हणजे घरगुती दुरुस्तीची परंपरा पोशाखाइतकीच जुनी आहे. तेव्हा गोंद एकच होता, कारण कापडही एकाच प्रकारचं होतं. आज तसं नाही, आणि बहुतेक चुका इथेच होतात.

आजचे ड्रायसूट ढोबळमानाने तीन प्रकारचे. व्हल्कनाइझ केलेल्या रबराचे सूट जड आणि गुळगुळीत असतात. ते धुऊन निर्जंतुक करणं सोपं, म्हणून बंदरातल्या गढूळ किंवा सांडपाणी मिसळलेल्या पाण्यात उतरणारे व्यावसायिक पाणबुडे ते पसंत करतात. दुसरा प्रकार निओप्रीनचा. तिसरा ट्रायलॅमिनेट: बाहेर-आत नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं कापड आणि मधे ब्यूटाइल रबराचा पातळ थर. छंद म्हणून थंड पाण्यात डायव्हिंग करणाऱ्यांमध्ये हाच जास्त दिसतो.

आता पंक्चरवाल्याकडे येऊ. त्याचं सोल्युशन ड्रायसूटवर चालतं का? उत्तर गमतीदार आहे. रबराच्या सूटवर ती पद्धत खरोखरच चालते. जागा पॉलिश पेपरने घासायची, पुसायची, सोल्युशनचा पातळ थर द्यायचा, तो हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळू द्यायचा आणि मग पॅच दाबायचा. रबराच्या सूटसोबत मिळणाऱ्या दुरुस्तीच्या किटमध्ये याहून वेगळं काही सांगितलेलं नसतं; फक्त गोंद आणि पॅच त्या सूटच्या रबराला साजेसे असतात. ट्रायलॅमिनेटवर मात्र हेच सोल्युशन वरच्या कापडावर नुसतं बसून राहतं, मधल्या रबरापर्यंत पोचत नाही, आणि चार वेळा घडी पडली की पापुद्र्यासारखं सुटतं. तिथे लागतो युरेथेनचा लवचीक गोंद. ‘अ‍ॅक्वासील’ हे त्यातलं डायव्हिंगच्या जगात सर्वांत परिचित नाव. सूट उलटा करायचा, आतली जागा अल्कोहोलने पुसायची, टाचणीएवढ्या छिद्रावर नाण्याएवढा पातळ थर द्यायचा आणि चोवीस तास हात लावायचा नाही. फाटलं असेल तर त्याच कापडाचं ठिगळ, कोपरे गोल कापून. टोकदार कोपरा आधी उचकटतो. निओप्रीनची तऱ्हा तिसरी. त्याला निओप्रीनचाच कॉन्टॅक्ट गोंद लागतो: दोन्ही कडांना दोन हात, मधे वाळायला वेळ, मग कडेला कड भिडवून दाबणं.

शिंप्याकडे नेऊन ‘एक शिलाई मारून घेतो’ म्हणणाऱ्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की सुईचं प्रत्येक भोक म्हणजे एक नवी गळती. कारखान्यात शिवण घातल्यावर तिच्यावर आतून जलरोधक पट्टी किंवा द्रवरूप सीलंट चढवलेलं असतं. नुसती शिलाई म्हणजे एक भोक बुजवून वीस पाडणं.

फेविक्विक आणि एम-सील या घराघरातल्या दोन वस्तू इथे निरुपयोगी आहेत. त्या वाईट म्हणून नव्हे. दोन्ही वाळल्यावर कडक होतात आणि सूट हा सतत वाकणारा पोशाख आहे, म्हणून. सिलिकॉन सीलंट त्याहून घातक. ते लवचीक असतं, म्हणून मोह होतो. पण सिलिकॉनवर सिलिकॉनखेरीज जवळपास काहीच चिकटत नाही. एकदा ते कापडात मुरलं की नंतर योग्य गोंद आणूनही पकड बसत नाही. बाथरूमच्या फरशीसाठी आणलेली ती नळी सूटपासून लांब ठेवलेली बरी.

विरारच्या पावसाळ्याचा इथे थेट संबंध येतो. कॉन्टॅक्ट गोंदातला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतली वाफ त्यावर बसते आणि जोड कच्चा राहतो. म्हणून जुलैत खिडकी उघडी टाकून निओप्रीन चिकटवणं टाळावं. कोरडा दिवस निवडावा. युरेथेनचं उलट: तो हवेतल्या ओलाव्यावरच पक्का होतो, त्यामुळे त्याला पावसाळा मानवतो. फक्त उघडलेली नळीही त्याच ओलाव्याने आतून घट्ट होते. अनुभवी मंडळी ती टोपण लावून फ्रीझरमध्ये ठेवतात. कॉन्टॅक्ट गोंदाचा आणि तो काढायच्या द्रावकाचा वास डोक्यात जातो आणि वाफ पेट घेते. वन रूम किचनमध्ये गॅस चालू असताना हे काम काढू नये.

सूट आतून ओला निघाला की ‘गळतो’ असा शिक्का बसतो. बऱ्याचदा तो घाम असतो. बाहेरचं पाणी थंड, आतली हवा दमट, त्यामुळे कापडाच्या आतल्या बाजूला थेंब जमतात. आतले कपडे सगळीकडे सारखेच दमट असतील तर घामाचा संशय घ्यावा. एकच पाय, एकच मनगट किंवा छातीचा एकच पट्टा चिंब असेल तर गळतीचा. खात्री करायला चेन लावायची, मनगटांच्या सीलमध्ये बाटल्या आणि गळ्याच्या सीलमध्ये चेंडू बसवायचा, सूटमध्ये हलकी हवा भरायची आणि साबणाचं पाणी शिंपडत बुडबुडे शोधायचे. सापडलेल्या जागेवर लगेच खडूने खूण करायची, कारण सुकल्यावर ती पुन्हा दिसत नाही. हा जुगाड नव्हे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने इमर्शन सूटच्या नियतकालिक तपासणीसाठी सांगितलेली पद्धतही याच धर्तीची आहे, आणि त्यातला हवेचा दाब असतो फक्त ०.७ ते १.४ किलोपास्कल, म्हणजे ०.१ ते ०.२ पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पीएसआय असतो. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरने सूट फुगवणाऱ्याने हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

सगळ्यात आधी खराब होतात ती गळ्याची आणि मनगटांची लेटेक्सची सील. ‘सूट वापरलाच नाही, मग सील चिकट कसं झालं?’ हा प्रश्न नेहमीचा. लेटेक्सला वापरापेक्षा उष्णता, ऊन, ओझोन आणि तेल जास्त खातात. फुलपाड्यातल्या पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर ठेवलेला सूट समुद्राचं तोंड न पाहताही म्हातारा होतो. सनस्क्रीन, केसांचं तेल, सुगंधी पावडर यांनीही लेटेक्स बिघडतं. बिनवासाची शुद्ध टाल्क चालते.

सील बदलणं मात्र घरी जमण्यासारखं आहे. जुनं सील हेअर ड्रायरने तापवून हळूहळू सोलायचं, बाही योग्य जाडीच्या पीव्हीसी पाइपवर ताणायची, नव्या सीलची कड घासून बाहीवर दोन-अडीच सेंटिमीटर चढवून चिकटवायची आणि वरून पट्टी गुंडाळून रात्रभर ठेवायची. खरी कसोटी पुढे, सील मापाला कापताना. एका वेळी एकच अरुंद पट्टी, धारदार कात्रीने, एका दमात. कडेला बारीकशी खाच राहिली तरी पुढे तिथूनच ते उभं फाटतं. ‘घट्ट असेल तेवढं चांगलं’ ही समजूत तर धोक्याची आहे. गळ्याचं सील फार आवळलं तर मानेतल्या धमनीवर दाब येऊन चक्कर येऊ शकते, शुद्धही हरपू शकते. पाण्याखाली असं होणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

चेनबद्दल हातचं न राखता सांगायचं तर, दात गेलेली जलरोधक चेन दुरुस्त होत नाही, बदलावी लागते. बॅगांची चेन नीट करणारा कारागीर कितीही हुशार असला तरी पकडीने दाबलेला पितळी दात पाणी अडवत नाही. नवी चेन बसवणं हे सरळ रेषेत, न ताणता चिकटवण्याचं काम आहे आणि ते सरावलेल्या कार्यशाळेवर सोपवावं. घरी करण्यासारखं एवढंच: मीठ आणि वाळू धुणं, पितळी चेनला मेण लावणं, प्लास्टिकच्या चेनच्या टोकाला उत्पादकाने सांगितलेलं वंगण लावणं आणि चेन कधीही तीव्र कोनात न दुमडणं.

बदलांचा मोह सुरू होतो खिशापासून. मांडीवर खिसा, गुडघ्यावर जादा थर ही कामं सुरक्षित. सूट थोडा फुगवून, माणूस वाकल्यावर कापड कुठे ताणलं जातं ते पाहून जागा ठरवावी. लांब डायव्हसाठी लघवीचा व्हॉल्व्ह बसवणारेही असतात. तिथे सूटला आपल्या हाताने भोक पाडायचं असतं, म्हणून आतून मजबुतीचं ठिगळ आधी लावायचं आणि भोक नंतर कापायचं. हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या आतल्या भागांत मात्र प्रयोग करू नयेत. तो अडकून राहिला तर सूट फुगत जातो आणि पाणबुडा ताबा सुटून वर खेचला जातो. अशा वेळी व्हॉल्व्हला जोडलेली हवेची नळी काढता येणं आणि हवा सोडता येणं हे आधीच शिकलेलं असावं लागतं.

सूटमध्ये पाणी शिरलं की माणूस दगडासारखा बुडतो, हेही अर्धसत्यच. आत आलेल्या पाण्याचं पाण्यात वजन जाणवत नाही. जाते ती आतल्या हवेची तरंगण्याची ताकद, आणि तिची भरपाई पाठीवरच्या जॅकेटमध्ये हवा भरून करता येते. खरा धोका थंडीचा, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने शरीराची उष्णता ओढून नेतं. दुसरी अडचण बाहेर येताना: पाण्यात हलकं वाटणारं ते वीस-तीस लिटर पाणी बोटीच्या शिडीवर वीस-तीस किलो होतं.

म्हणून दुरुस्त केलेला सूट पहिल्यांदा घालायचा तो तरणतलावाच्या उथळ बाजूला, जाणकार सोबती जवळ असताना. आणि जहाजावरच्या इमर्शन सूटला घरचा कुठलाच गोंद लावू नये. तो स्वतःच्या मालकीचा छंदाचा कपडा नाही, जीवरक्षक साधन आहे; त्याची तपासणी आणि दुरुस्ती नियमांप्रमाणे, उत्पादकाच्या सूचनांनुसारच व्हायला हवी.