निर्यातदार शेजारी काय देतो?

मोठा निर्यातदार जवळ आला की आसपासचे उद्योग आपोआप परदेशात माल धाडू लागतात, हे अर्धेच खरे. एटकेन, हॅन्सन आणि हॅरिसन या अर्थतज्ज्ञांनी मेक्सिकोतील दोन हजारांहून अधिक कारखान्यांची 1986 ते 1990 ची आकडेवारी तपासली. बहुराष्ट्रीय कंपन्यांजवळचे कारखाने निर्यातीकडे वळण्याची शक्यता अधिक दिसली. एकूण निर्यातदारांच्या गर्दीशी मात्र या शक्यतेचा संबंध आढळला नाही. जिथे बंदर, रस्ते चांगले तिथेच सगळे जमतात, मग श्रेय शेजाऱ्याला का, हा आक्षेप रास्त आहे. पण बांगलादेशातले चितगाव पाहा. तिथल्या देश गारमेंट्स या तयार कपड्यांच्या कंपनीने 1979 मध्ये सुमारे 130 जणांना दक्षिण कोरियात देवू कंपनीकडे शिकायला पाठवले. परदेशी गिऱ्हाइकाच्या पतपत्रावर (एलसी) कापड आयातीसाठी दुसरी एलसी उघडायची, ही युक्तीही देवूच्या अनुभवातूनच आली. पुढच्या काही वर्षांत त्या 130 जणांतले 115 जण नोकरी सोडून गेले. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांचे उभे केले. बंदर आधीपासून होतेच, नव्हते ते हे कसब. शिकवण्याचा खर्च ‘देश’चा आणि फायदा साऱ्या बांगलादेशाचा, ही तक्रारही खरी; म्हणूनच अशा पहिल्या कारखान्याच्या प्रशिक्षणाचा काही भार सरकारने उचलायला हवा.