कळा आणण्याचे इंजेक्शन : घरी नको, दवाखान्यातच

मांजरसुंब्याच्या आमच्या वस्तीतली ही हकीगत. बाईचे नाव देत नाही, तिनेच तसे सांगितले आहे. पहिलटकरीण होती. तारीख उलटून दहा दिवस झाले तरी कळांचा पत्ता नाही. सासूबाईंचा जीव टांगणीला लागला. ओळखीच्या एका डॉक्टरला घरी बोलावून "कळा यायचं इंजेक्शन" द्यायचे त्यांनी ठरवले. त्यांच्या काळी असेच चालायचे. पण आशाताई आडव्या आल्या. "मावशी, ते घरी द्यायचं औषध नाही. बीडला चला," म्हणाल्या आणि त्यांनी गाडी बोलावली.

हे इंजेक्शन म्हणजे ऑक्सिटोसिन. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून काही जण चोरून टोचतात, ते हेच. बाईच्या शरीरातही ते आपोआप तयार होते आणि त्यानेच गर्भपिशवी आवळते. कळ आली की बाळाकडे जाणारे रक्त कमी होते, कळ सुटली की पुन्हा मिळते. म्हणजे दोन कळांमधली उसंत हा बाळाचा श्वास. दवाखान्यात हे औषध सलाईनमधून, थेंब मोजून देतात. कळा फार जोरात आल्या तर सलाईन बंद करता येते आणि थोड्या वेळात जोर ओसरतो. दंडात किंवा कमरेत टोचलेले औषध मात्र परत काढता येत नाही. कळा एकाला एक लागून आल्या तर बाळ गुदमरते, पिशवी फाटू शकते, आणि घरात त्यावर काहीच उपाय नसतो.

गंमत अशी, की बाळ बाहेर आल्यावर हेच इंजेक्शन लगेच, मिनिटभराच्या आत टोचतात आणि ते घ्यायलाच हवे. त्याने पिशवी आवळून रक्तस्राव आटोक्यात राहतो. त्यामुळे "इंजेक्शन वाईट" असे कोणी म्हणू नये. बाळंतपणाआधी टोचणे घातक, नंतर टोचणे जीव वाचवणारे.

आता तिच्याकडे वळू. दवाखान्यात तपासून डॉक्टरांनी सांगितले, पिशवीचे तोंड अजून घट्ट आहे. ते मऊ झाल्याशिवाय नुसत्या सलाईनचा फारसा उपयोग नसतो. त्यासाठी कुठे जेल लावतात, कुठे नळीचा छोटा फुगा आत ठेवतात, कुठे मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात. ही गोळी मेडिकलमध्ये २०० मायक्रोग्रॅमची मिळते, कळांसाठी एका वेळी लागते २५, म्हणजे तिचा आठवा हिस्सा. कोणी सांगितले म्हणून अख्खी गोळी घेणे म्हणजे जिवाशी खेळ. आधीचे सिझर असेल तर ही गोळी चालतच नाही, जुना टाका उसवू शकतो. म्हणून सिझर झाले असेल तर ते पहिल्यांदा सांगावे.

पहिला दिवस असाच गेला. घरचे म्हणू लागले, "डॉक्टर नुसतं बसवून ठेवतेत." दुसऱ्या दिवशी पाणमोट फोडली तर पाणी हिरवट, म्हणजे बाळाने आत शी केलेली. सलाईन लावली. औषधाच्या कळा एकदम जोर धरतात, तशाच आल्या. मध्येच बाळाचे ठोके मंदावले, सलाईन बंद केली, तिला कुशीवर वळवले, पुन्हा हळूहळू सुरू केली. शेवटी ताकद संपली तेव्हा व्हॅक्यूम लावून मुलगी काढली. डोक्यावर टेंगूळ होते, ते दोन-तीन दिवसांत उतरले. आईला रक्तस्राव जास्त झाला, रक्ताची बाटली चढवावी लागली.

"दोन दिवस लागतात हे आधी कोणी सांगितलं असतं, तर मी एवढी भ्याले नसते," असे ती आजही म्हणते. तिचे म्हणणे खरे आहे. कळा का आणायच्या, कशाने आणणार, ठोके किती वेळाने बघणार, वेळ आली तर सिझर इथेच होईल का, हे विचारायचा हक्क प्रत्येक बाईला आहे. सोबत घरची एक बाई ठेवायची सोयही मागावी. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधे, रक्त आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. गाडीसाठी १०२ किंवा १०८.

तारखेचा घोळ मात्र आपल्याकडे फार. ४१ आठवडे पूर्ण झाले, बीपी वाढले, किंवा पाणी जाऊन कळा येत नसल्या, की कळा आणायचा सल्ला देतात. पण पाळीची तारीखच आठवत नसेल तर आठवडे मोजायचे कसे? दसऱ्यानंतर कोयता घेऊन फडावर जाणाऱ्या बायांची पहिली सोनोग्राफी राहूनच जाते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख सगळ्यात भरवशाची. ती करून कार्ड सामानाबरोबर न्या. कारखाना कर्नाटकात असला तरी तिथल्या डॉक्टरला त्यावरून कळते.

मुलगी आता रांगते. आई मात्र कित्येक रात्री दचकून उठायची आणि सासू म्हणायची, "सगळ्यांनाच होतं, विसर." अवघड बाळंतपणानंतर असे होते, तो नाटकीपणा नव्हे. आशाताईंशी बोलावे, किंवा १४४१६ या टेली मानसच्या क्रमांकावर फोन करावा. पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते.